पिकअपच्या दमाचा मागोवा

अमेरिकेत टोयोटा टाकोमा या मध्यम आकाराच्या पिकअपच्या मालकांमध्ये एक तळहाताएवढी डबी फार खपते. ऍक्सिलरेटरच्या पेडलवरची वायरींची जोडणी सोडवायची, मधे ही डबी अडकवायची, झालं काम. मेकॅनिकही लागत नाही. मग पेडलला नुसता पाय लागला तरी गाडी अशी उसळते, की कालपर्यंतची मठ्ठ गाडी ती हीच का, असं वाटावं. किंमत दोन-तीनशे डॉलर. इंजिनाच्या ताकदीत मात्र एका अश्वशक्तीचीही भर पडलेली नसते.

गोष्ट हसण्यासारखी आहे, पण नुसतं हसून सोडून देण्यासारखी नाही. ओझं वाहण्यासाठी केलेल्या गाडीने पळावंही, ही इच्छा पिकअपइतकीच जुनी आहे आणि ती पुरी करण्याचा धंदाही तेवढाच जुना. या डबीचा वंश शोधत गेलं तर वाटेत लोकरीची गिरणी लागते, सिटी बस लागते, कोंबड्या लागतात आणि एक हरलेली फेरारीही लागते.

फोर्ड कंपनीने कारखान्यातूनच हौदा बसवलेली मॉडेल टी १५ एप्रिल १९२५ रोजी बाजारात आणली. तोवर शेतकरी मोटार घ्यायचा, मागचा भाग काढून टाकायचा आणि सुताराकडून लाकडी हौदा ठोकून घ्यायचा. कारखान्याच्या या गाडीची किंमत होती २८१ डॉलर. इंजिन २.९ लिटरचं, म्हणजे आजच्या मापाने चांगलं दांडगं, पण ताकद अवघी २० अश्वशक्ती. खाली तीन पेडल होती आणि त्यांतलं एकही इंधनाचं नव्हतं. डावं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. इंजिनाला रेझ द्यायची ती स्टिअरिंगखालच्या एका दांडीने, हाताने. पेट्रोल सीटखालच्या टाकीतून कार्बुरेटरकडे आपल्या वजनाने उतरायचं. टाकी अर्धी-मुर्धी असली की खड्या चढावर ते पोचायचंच नाही. मग लोक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये डोंगर चढायचे.

पुढे जायला गिअर दोनच. हौद्यात माल असला की चढावर वरचा गिअर ओढायचा नाही आणि खालच्यात टाकली तर गाडी रांगायची. या अडचणीवर जो तोडगा निघाला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वात शहाणा तोडगा वाटतो. रक्स्टेल नावाचा मागचा ऍक्सल मिळायचा. त्याच्या पोटातच आणखी एक गिअर असायचा, त्यामुळे दोनाचे चार गिअर व्हायचे. फोर्डची त्याला मान्यता होती आणि तो फोर्डच्या डीलरकडेच मिळायचा. ज्याला तेवढा खर्च झेपत नसे तो नुसती क्राउन-पिनियनची जोडी बदलून घ्यायचा. मूळ गाडीत तिचं प्रमाण ३.६४ होतं, म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला इंजिनाकडून येणारा दांडा ३.६४ फेरे घेणार. सपाट मुलखातला माणूस ३ ची जोडी घालून वेग वाढवायचा, डोंगराळ भागातला ४ ची घालून ओढ वाढवायचा. इंजिनाला कोणी हात लावत नव्हतं. आहे तीच ताकद चाकापर्यंत कोणत्या हिशेबाने पोचवायची, एवढाच प्रश्न होता.

इंजिनाला हात लावणारेही होतेच. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावात जो यागर्सबर्गर नावाचा जुना शर्यतपटू राजो नावाची सिलिंडर हेड बनवायचा. मूळ हेड काढून ती बसवली की इंजिन मोकळा श्वास घेऊ लागायचं. दुसरं मोठं नाव फ्रंटेनॅक. ती हेड बनवणारे होते शेवरोले बंधू. ज्याच्या नावाने आजही जनरल मोटर्स गाड्या विकते तो लुई शेवरोले त्या कंपनीतून कधीच बाहेर पडला होता आणि भावांबरोबर फोर्डच्या गाड्या पळवण्याचं सामान विकत होता! १९२३ च्या इंडियानापोलिस ५०० मैल शर्यतीत असं हेड बसवलेली फोर्ड पाचवी आली. भाजी वाहणाऱ्या गाडीचं इंजिन खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांच्या रांगेत जाऊन बसलं, आणि सुट्या भागांच्या बाजाराला जाहिरातीची गरज उरली नाही.

१९३२ मध्ये फोर्डने ६५ अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन स्वस्त गाडीत दिलं. कॅलिफोर्नियातली पोरं ते घेऊन मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर पळवू लागली. तो इतिहास अमेरिकेत पुष्कळ लिहिला गेला आहे, त्यात इथे शिरत नाही. आपल्याला त्यातली एकच वस्तू हवी आहे: ब्लोअर.

इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल इथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणी पाण्यावर चालायची आणि पाणचक्की सुधारण्याच्या नादात त्यांनी एकमेकांत अडकून फिरणाऱ्या दोन लाकडी पात्यांचं यंत्र केलं. लाकूड पाण्याने फुगलं, पाती अडकली आणि पाणचक्की म्हणून ते यंत्र फसलं. पण कोरडं असताना फिरवलं की ते जोरात हवा फेकतं, हे लक्षात आलं, अशी त्याची जन्मकथा सांगतात. १८६० मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. पुढची कित्येक वर्षं रूट्सचा ब्लोअर लोखंड वितळवायच्या भट्ट्यांना आणि खाणींना वारा घालत राहिला.

१९३८ मध्ये जनरल मोटर्सने ७१ मालिकेची टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं काढली. हे इंजिन स्वतः हवा ओढून घेऊ शकत नाही, बाहेरून कोणीतरी ती भरावी लागते. म्हणून प्रत्येक इंजिनाच्या कुशीला एक रूट्स ब्लोअर बसवलेला असायचा. सहा सिलिंडरच्या इंजिनाचं नाव ६-७१, कारण प्रत्येक सिलिंडर ७१ घन इंचांचा. ही इंजिनं दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांत आणि सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींत गेली, युद्धानंतर बसमध्ये आणि ट्रकमध्ये. मग ती भंगारात येऊ लागली आणि वेगाचा नाद असलेल्या पोरांना कळलं की बसच्या इंजिनाचा ब्लोअर आपल्या व्ही-८ वर चढवला, तर दर फेऱ्याला इंजिनात नेहमीपेक्षा जास्त हवा कोंबता येते. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून मोठा धमाका. बॉनेटमधून वर डोकावणारा तो मोठा ॲल्युमिनियमचा ठोकळा हॉलिवूडच्या सिनेमांत अनेकांनी पाहिला असेल. तो मुळात बसचा सुटा भाग.

हाच वंश पुढे सरळ टाकोमापर्यंत येतो. टोयोटाच्या टीआरडी या शर्यत विभागाने टाकोमाच्या व्ही-६ इंजिनांसाठी रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर, म्हणजे ब्लोअरच, काढला, तो डीलरकडेच बसवून मिळायचा. ४ लिटरच्या इंजिनाची २३६ अश्वशक्ती त्याने ३०४ वर जायची. अशी खरी भर फार थोड्या उपायांनी पडते. अर्थात पैसेही तसेच पडायचे.

पण मधल्या तीस वर्षांवरून उडी मारून चालणार नाही, कारण गाड्या मठ्ठ का झाल्या हे त्या वर्षांत दडलेलं आहे. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर अमेरिकी इंजिनांचा गळा आवळला गेला. कॉम्प्रेशन उतरलं, शिसं नसलेलं पेट्रोल आलं, १९७५ पासून मोटारींच्या सायलेन्सरच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसले. हवा स्वच्छ झाली ही गोष्ट मी वाईट मानत नाही, लॉस एंजेलिसच्या धुरक्याची छायाचित्रं पाहिली की कोणी मानणार नाही. पण त्या काळाच्या तंत्रज्ञानाला स्वच्छता आणि दम ही दोन्ही साधत नव्हती. गंमत अशी की नियमांत एक फट होती: ६००० पौंडांहून जास्त एकूण वजनाच्या ट्रकना कन्व्हर्टर लागत नव्हता. डॉज कंपनीने त्या फटीतून १९७८ मध्ये 'लिल रेड एक्स्प्रेस' नावाचा लाल ट्रक बाहेर काढला. केबिनच्या मागे उभे दोन चकचकीत सायलेन्सर आणि २२५ अश्वशक्ती. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाच्या चाचणीत शून्यापासून ताशी १०० मैलांपर्यंत पोचायला त्या वर्षीची कोणतीच अमेरिकी मोटार त्याच्यापुढे टिकली नाही. पुढच्याच वर्षी त्यालाही कन्व्हर्टर बसला.

हा मोठा ट्रक झाला. मध्यम पिकअपची कहाणी जपानमधून येते आणि तिच्यात कोंबड्या शिरतात. १९५९ मध्ये डॅटसनची एक लिटर इंजिनाची, ३७ अश्वशक्तीची चिमुकली पिकअप अमेरिकेत उतरली. त्याच सुमारास अमेरिकेची स्वस्त कोंबडी पश्चिम जर्मनीच्या बाजारात इतकी भरली, की युरोपने तिच्यावर जकात लावली. बदला म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये चार वस्तूंवर २५ टक्के जकात बसवली: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. निशाण्यावर होती फोक्सवॅगनची व्हॅन, मार बसला जपानी पिकअपला. बाकीच्या वस्तूंची जकात केव्हाच उठली, ट्रकवरची राहिली. जपान्यांनी मग हौदा नसलेल्या गाड्या बोटीत चढवल्या, कारण नुसत्या केबिन-चासीला ४ टक्केच पडायचे. हौदा अमेरिकेत बसवायचा. १९८० मध्ये ही वाटही बंद झाली.

परदेशी माल असा अडवून धरल्यावर अमेरिकी कंपन्यांना आपल्या छोट्या पिकअप वेगवान करण्याची घाई कशाला असणार? शेवरोलेची एस-१० आली, फोर्डची रेंजर आली, १९८७ मध्ये या दोन्हींपेक्षा थोडी मोठी डॉज डाकोटा आली. मध्यम आकाराची पिकअप असं जिला खऱ्या अर्थाने म्हणता येईल ती हीच पहिली. तिच्यात व्ही-६ होतं, १२५ अश्वशक्तीचं. गाडी चांगली, चाल म्हातारी.

इथे कॅरोल शेल्बी येतो. हा टेक्सासचा माणूस शर्यतीत उतरण्याआधी कोंबड्या पाळायचा. पहिल्या खेपेत नफा झाला, दुसरी खेप रोगाने मेली आणि त्याचं दिवाळं निघालं. पुढे त्याने १९५९ ची ल मान्सची शर्यत जिंकली, कोब्रा मोटार काढली. कोंबड्यांमुळे ज्या ट्रकवर जकात बसली त्यांच्या बाजारात कोंबड्या पाळून बुडालेला माणूस दम भरायला आला, हा योगायोग एखाद्या कादंबरीत घातला असता तर संपादकाने कापला असता. १९८९ मध्ये त्याने डाकोटात ५.२ लिटरचं व्ही-८ बसवलं. इंजिन लांब आणि बॉनेटखालची जागा आखूड, म्हणून इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून टाकून विजेचे पंखे लावले. पंखा फिरवण्यात जी ताकद वाया जायची तीही वाचली, सुमारे ५ अश्वशक्ती. एकूण १७५. अशा १५०० गाड्या झाल्या. डॉजला धडा मिळाला असावा, कारण १९९१ मध्ये त्यांनी डाकोटाचं नाक लांब करून व्ही-८ नेहमीच्या यादीतच घातलं.

त्याच वर्षी जीएमसीने सायक्लोन काढली. एस-१० च्याच अंगाची ही छोटी काळी पिकअप. ४.३ लिटरच्या व्ही-६ वर मित्सुबिशीचा टर्बो, २८० अश्वशक्ती, चारही चाकांना ओढ. टर्बो हा ब्लोअरचा चुलतभाऊ. तोही हवाच कोंबतो, पण इंजिनाचा पट्टा न वापरता सायलेन्सरकडे फुकट जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने त्याचं पेटंट १९०५ मध्येच घेतलं होतं. 'कार अँड ड्रायव्हर'ने सप्टेंबर १९९१ च्या अंकात सायक्लोनला फेरारी ३४८ बरोबर उभं केलं. पाव मैल पिकअपने १४.१ सेकंदांत कापला, फेरारीने १४.५. फेरारीची किंमत सुमारे पाचपट होती. पण या पिकअपच्या हौद्यात ५०० पौंडांपेक्षा जास्त, म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या वर, माल भरायचा नाही आणि रस्ता सोडून खाली उतरायचं नाही, अशी कंपनीचीच ताकीद होती. सिमेंटच्या पाचव्या गोणीला नकार देणारी ही पिकअप! सायक्लोनचं कौतुक करणाऱ्यांना याची आठवण करून द्यावी लागते. तीन हजारांनाही दोन कमी, इतक्याच गाड्या निघाल्या.

यानंतर स्पॅनरचं काम कमी होत गेलं. कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, इंधन किती आणि ठिणगी केव्हा हे कॉम्प्युटर ठरवू लागला, आणि लोक त्यातली चिप बदलू लागले. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला आणि हलक्या ट्रकला निदानासाठी एकसारखा सोळा पिनांचा सॉकेट सक्तीचा झाला. मेकॅनिकच्या सोयीसाठी ठेवलेल्या त्याच दारातून मग सॉफ्टवेअर बदलणारेही आत शिरले. काही जणांनी तर प्रदूषण रोखणारी यंत्रणाच बंद केली. आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपवर हा प्रकार झाल्याचा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२० मध्ये दिला. त्यांत मोठ्या पिकअपच जास्त, पण ही खोड सगळीकडची.

आणि पेडलची केबल गेली. मॉडेल टीच्या हातातल्या दांडीपासून ते विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत माणसाचा हात किंवा पाय आणि इंजिन यांच्यात दांड्यांची नाहीतर तारेची सलग जोडणी होती. आता पेडलपाशी दोन सेन्सर असतात, एकाची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून दोन. पाय किती दाबला हे ते कॉम्प्युटरला कळवतात आणि थ्रॉटल किती उघडायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. पायाने केलेली ती फक्त विनंती. कंपनीने ही विनंती मुद्दाम सौम्य ठेवलेली असते, कारण रिकाम्या हौद्याची गाडी मागे हलकी असते, चाक घसरू शकतं, दगडगोट्यांत पाय हलला तरी गाडी उडता कामा नये आणि इंधनही कमी जळायला हवं.

२०१६ च्या टाकोमात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट झाली. जुन्या ४ लिटर इंजिनाऐवजी ३.५ लिटरचं आलं. कागदावर ताकद २३६ वरून २७८ झाली. पण टॉर्क जवळजवळ तेवढाच, ३६० न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि तो आधी ४००० फेऱ्यांवर मिळायचा तो आता ४६०० वर. शिवाय इंधन वाचवायला हे इंजिन संथ चालीत ॲटकिन्सन पद्धतीने चालतं, म्हणजे आत घेतलेली थोडी हवा व्हॉल्व्ह उशिरा मिटून परत बाहेर जाऊ देतं. जी हवा कोंबायला रूट्सचा ब्लोअर लागला, ती इथे स्वखुशीने बाहेर. वर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घाईने सहाव्यात जाणार आणि जरासा चढ आला की पाचवा, चौथा, पुन्हा पाचवा असं चाचपडत बसणार. आकडा वाढला आणि गाडी मंदावली, असं मालक म्हणू लागले. ते खोटं नव्हतं.

डबीला गिऱ्हाईक मिळालं ते इथे. ती सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्या मधे बसते आणि पाय पाव दाबला असेल तर अर्धा दाबला आहे असं खोटंच सांगते. पेडल पूर्ण दाबलं की डबी असो वा नसो, गाडी तेवढीच. मी तिला फसवणूक म्हणणार नाही, सुस्ती खरोखर जाते. पण हेच काम पाय थोडा जास्त दाबून फुकट होतं. आणि खडकाळ वाटेवर सावकाश चढायचं असेल तेव्हा तीच डबी त्रास देते आणि बंद करावी लागते.

त्याच मालकांमधले जाणते लोक काय करतात? क्राउन-पिनियन बदलतात. २०१६ च्या टाकोमाच्या ऑटोमॅटिकमध्ये प्रमाण ३.९१ असतं. हौसेने ३३ इंची टायर चढवले की ते ३.६५ असल्यासारखं वागू लागतं, म्हणजे थेट मॉडेल टीच्या पंगतीत. ४.८८ ची जोडी घातली की मूळ प्रमाणापेक्षा पंचवीस टक्के जास्त ओढ चाकाशी पोचते आणि गिअरबॉक्सचं चाचपडणं थांबतं. फोर-बाय-फोर असेल तर पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफ्रन्शियल उघडावे लागतात. खर्च डबीच्या दहापट. ज्याला माल ओढायचा आहे, चढ चढायचे आहेत, त्याने हाच करावा.

कंपन्या आता हा धंदा स्वतःच करतात. रेंजरच्या २.३ लिटर टर्बो इंजिनासाठी फोर्डनेच सॉफ्टवेअर विकायला काढलं. २७० अश्वशक्तीची ३१५ झाली आणि वॉरंटीही शाबूत राहिली. शेवरोलेने २०२३ च्या कोलोराडोत तर एकच २.७ लिटर इंजिन तीन नावांनी, तीन सेटिंगांत विकलं. सर्वात खालची २३७ अश्वशक्ती, वरच्या दोन्ही ३१०, फरक मुख्यतः सॉफ्टवेअरचा. पैसे भरा, दम घ्या. २०२४ च्या टाकोमाने व्ही-६ सोडून २.४ लिटरचा टर्बो घेतला: हायब्रिड सोडलं तर ताकद जास्तीत जास्त पुन्हा २७८, पण टॉर्क ४३० न्यूटन-मीटर, तोही १७०० फेऱ्यांपासून. सुस्तीची तक्रार नेमकी कुठे होती हे टोयोटाला कळलं होतं म्हणायचं.

आपल्याकडे पुण्याच्या टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ काढली तेव्हा दमाची अपेक्षाच कोणी केली नव्हती. आता २०१६ पासून इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ पासून टोयोटा हायलक्स मिळते, आणि त्यांच्यासाठी तीच डबी इथेही विकली जाते. हायलक्सच्या मालकांनी पैसे खर्च करण्याआधी डॅशबोर्डवरचं पॉवर मोडचं बटण दाबून पाहावं, पेडल चटपटीत करण्याचं काम कंपनीने त्यात करूनच ठेवलं आहे. मोठे टायर किंवा वेगळं इंजिन सेटिंग यांच्या मोहात पडण्याआधी मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाचावं. आरसी बुकात आणि कंपनीच्या मूळ नोंदीत नसलेले फेरफार त्याला चालत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका पक्की केली आहे. टायर मूळ मापाचे आहेत, एअर फिल्टर स्वच्छ आहे, तरी गाडी ओढत नाही, असं असेल तर टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप कुठे चिरला आहे का ते मेकॅनिककडून बघून घ्या. डिझेल पिकअपचा दम बऱ्याचदा तिथूनच गळत असतो.